लोकनेते दि. बा. पाटील : जासईच्या शेतातून उभा राहिलेला प्रकल्पग्रस्तांचा आधारवड

उलवे : आज उलव्यात उभं राहिलं की एका बाजूला उंच इमारती, दुसऱ्या बाजूला विमानतळ, मधून रेल्वे आणि समोर अटल सेतूकडे धावणाऱ्या गाड्या दिसतात. बाहेरून आलेल्या माणसाला वाटेल, हे शहर इथं असंच होतं. पण या मातीत जन्मलेल्या माणसाला ठाऊक आहे की चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी इथं भाताची शेतं होती, मिठागरं होती, खाडीच्या कडेला खारबंदिस्तीचे बांध होते. पावसाळ्यात भात आणि बाकीच्या दिवसांत खाडीतली मासळी, यावर घरं चालायची.

ही जमीन गेली. पण ती फुकापासरी जाऊ नये, जमीन देणाऱ्याच्या पोराबाळांना या नव्या शहरात मानाने राहता यावं, यासाठी एक माणूस आयुष्यभर लढला. त्यांचं नाव दिनकर बाळू पाटील. उरण-पनवेलच्या गावागावांत त्यांना कुणी दिबा म्हणायचं, कुणी पाटील साहेब. 24 जून 2013 रोजी ते गेले. पण आजही गावकीची बैठक असो, सिडकोवरचा मोर्चा असो की शाळेचा कार्यक्रम, त्यांचं नाव घेतल्याशिवाय सुरुवात होत नाही.

नव्या पिढीतल्या अनेकांना दिबा म्हटलं की फक्त विमानतळाचं नाव आठवतं. नावामागचा माणूस कोण होता, त्याने नेमकं काय केलं आणि त्यासाठी काय किंमत मोजावी लागली, हे माहीत असावं म्हणून त्यांचा हा जीवनप्रवास.

जासईचं शेतकरी घर

दिबांचा जन्म 13 जानेवारी 1926 रोजी उरण तालुक्यातील जासई गावी शेतकरी कुटुंबात झाला. तेव्हा हा भाग कुलाबा जिल्ह्यात होता. रायगड हे नाव जिल्ह्याला पुष्कळ नंतर मिळालं. उरणहून पनवेलला जाणाऱ्या वाटेवरचं जासई हे आगरी वस्तीचं गाव. डोंगराच्या पायथ्याला घरं आणि पुढं खाडीपर्यंत शेतं.

त्या काळी कुलाब्यात शेतकऱ्याची अवस्था बिकट होती. जमीन कसायची कुळाने आणि पिकाचा मोठा वाटा जायचा खोताच्या, सावकाराच्या घरी. दिबा जेमतेम साडेचार वर्षांचे असताना, 25 सप्टेंबर 1930 रोजी, उरण तालुक्यातच चिरनेरला जंगल सत्याग्रह झाला आणि पोलिसांच्या गोळीबारात माणसं मारली गेली. पुढं 1933 ते 1939 अशी सहा वर्षं अलिबाग तालुक्यात चरी आणि आसपासच्या गावांतील कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा संप केला. शेतकऱ्याने पेरणीच केली नाही, उपाशी राहिला, पण खोतापुढे वाकला नाही.

म्हणजे दिबा ज्या मुलखात वाढले, तिथं जमिनीसाठी लढणं ही काही नवी गोष्ट नव्हती. घराघरांत या गोष्टी सांगितल्या जात. जमीन ज्याच्या हातची जाते त्याचं घर बसतं, हे त्यांनी पुस्तकात वाचण्याआधी डोळ्यांनी पाहिलं होतं.

शिकलेला शेतकऱ्याचा मुलगा

त्या वेळी आगरी समाजात शिक्षणाचं प्रमाण फार कमी. चौथी-सातवी झाली की पोरगा शेतात किंवा मिठागरावर कामाला. अशा काळात दिबांनी पदवी घेतली, वकिलीचं शिक्षण पूर्ण केलं आणि पनवेलला वकिली सुरू केली. गावाकडचा माणूस कोर्टाची पायरी चढायला घाबरतो. त्याला सातबारा वाचता येत नाही, नोटीस आली की अंगठा कुठं उठवायचा तेवढंच ठाऊक. आपल्याच बोलीत बोलणारा, आपल्यातलाच वकील मिळाला, ही तेव्हा मोठी गोष्ट होती.

हीच वकिली पुढं आंदोलनाच्या कामी आली. भूसंपादनाच्या नोटिशीचा अर्थ काय, हरकत कधी घ्यायची, निवाडा म्हणजे काय, वाढीव मोबदल्यासाठी दाद कुठं मागायची, हे सारं त्यांना तोंडपाठ होतं. सरकारी अधिकाऱ्यासमोर बसले की ते कायद्याने बोलत आणि मैदानात उभे राहिले की शेतकऱ्याच्या भाषेत. दोन्ही भाषा येणारा माणूस मिळणं कठीण असतं.

शेकापचा लाल बावटा आणि पहिली आमदारकी

स्वातंत्र्याच्या सुमाराला महाराष्ट्रात शेतकरी कामगार पक्ष उभा राहिला आणि कुलाबा जिल्हा हा त्याचा बालेकिल्ला झाला. दिबा या पक्षात आले आणि आयुष्याचा मोठा काळ याच लाल बावट्याखाली राहिले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आणि सीमाप्रश्नाच्या लढ्यात त्यांनी भाग घेतला, तुरुंगवासही सोसला.

1957 च्या निवडणुकीत पनवेल मतदारसंघातून ते विधानसभेवर निवडून आले. वय फक्त 31 वर्षं. त्यानंतर 1962, 1967 आणि 1972 असे सलग चार वेळा पनवेलकरांनी त्यांना निवडून दिलं. 1980 मध्ये पुन्हा पाचव्यांदा. मधल्या काळात, 1977 साली ते कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर गेले आणि 1984 मध्ये दुसऱ्यांदा खासदार झाले. पनवेलचे नगराध्यक्षपद, विधान परिषदेचं सदस्यत्व आणि 1972 नंतरच्या विधानसभेत विरोधी पक्षनेतेपद, अशा अनेक जबाबदाऱ्या त्यांनी पार पाडल्या.

एवढी पदं मिळाली तरी सत्तेच्या खुर्चीत ते कधी बसले नाहीत. सगळं आयुष्य विरोधी बाकावर गेलं. पण सरकार कुणाचंही असो, दिबा बोलायला उभे राहिले की सभागृहाला ऐकून घ्यावं लागायचं. कारण अभ्यास पक्का असायचा.

जमीन नावावर झाली आणि लगेच नोटीस आली

आता या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा भाग. कुळ कायद्यानुसार 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला आणि कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक होण्याची वाट मोकळी झाली. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या माणसाचं नाव सातबाऱ्यावर लागलं. अनेक घरांत आजोबांनी जे स्वप्न पाहिलं ते नातवाने डोळ्यांनी पाहिलं.

पण हा आनंद फार दिवस टिकला नाही. मुंबईतली गर्दी कमी करायची म्हणून खाडीपलीकडे नवं शहर वसवायचं ठरलं. 17 मार्च 1970 रोजी सिडको या सरकारी कंपनीची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील 95 गावांची मिळून सुमारे 344 चौरस किलोमीटर जागा नव्या मुंबईसाठी ठरवण्यात आली. म्हणजे कुळाचा मालक होऊन जेमतेम 13 वर्षं झाली होती आणि दारात भूसंपादनाची नोटीस आली.

तेव्हा 1894 सालचा, इंग्रजांच्या काळातला भूसंपादन कायदा लागू होता. त्या कायद्याची मेख अशी की, ज्या दिवशी पहिली अधिसूचना निघाली त्या दिवसाचा बाजारभाव धरायचा. ताबा दहा वर्षांनी घेतला तरी भाव जुनाच. शिवाय भाव धरायचा तो शेतजमिनीचा. त्याच जमिनीवर उद्या शहर उभं राहणार, तिची किंमत शेकडो पट होणार, त्यात शेतकऱ्याचा काही वाटा नाही. आणि ज्याच्या नावावर जमीनच नव्हती, जो मजुरी करायचा, मिठागरावर राबायचा, खाडीत जाळं टाकायचा, त्याचा तर विचार करायलाच कुणी तयार नव्हतं.

दिबांनी हा अन्याय ओळखला. विकासाला, शहराला त्यांचा विरोध नव्हता. त्यांचं म्हणणं सरळ होतं, की जमीन घेणार असाल तर योग्य दाम द्या आणि जे शहर आमच्या जमिनीवर उभं राहणार आहे त्यात आम्हालाही जागा द्या. ही मागणी घेऊन ते गावोगाव फिरले. एकेका गावाला गाठून सरकार जमीन घेत होतं, त्याला उत्तर म्हणून 95 गावांना त्यांनी एकत्र आणलं. आगरी, कोळी, कराडी, इतर मागास, आदिवासी, सगळ्यांना सांगितलं की सुटे पडलात तर संपलात.

16 आणि 17 जानेवारी 1984

सत्तर-ऐंशीच्या दशकात आंदोलनं, मोर्चे, बैठका चालूच राहिल्या. 1984 उजाडलं तेव्हा उरण भागातल्या जमिनीचा प्रश्न टोकाला पोहोचला होता. सरकार एकरी 27 हजार रुपये द्यायला तयार होतं. शेतकऱ्यांची मागणी होती एकरी 40 हजारांची. ती मागणी मान्य न करताच जमिनीचा ताबा घेण्याची तयारी झाली आणि मोठा पोलीस बंदोबस्त आणला गेला. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री तेव्हा वसंतदादा पाटील होते.

दिबांच्या हाकेला ओ देऊन हजारो शेतकरी रस्त्यावर आले. बायाबापड्या, म्हातारी माणसं, तरणी पोरं, सगळे आले. 16 जानेवारीला जासईजवळ दास्तान फाटा इथं पोलिसांनी गोळीबार केला. त्यात चिर्ले गावचे नामदेव शंकर घरत आणि धुतुम गावचे रघुनाथ अर्जुन ठाकूर हे दोघे हुतात्मा झाले. दुसऱ्या दिवशी, 17 जानेवारीला, नवघर-पागोटे परिसरात पुन्हा गोळी चालली. पागोटे गावचे महादेव हिरा पाटील, केशव महादेव पाटील आणि कमलाकर कृष्णा तांडेल या तिघांनी प्राण गमावले. दोन दिवसांत पाच बळी गेले, शेकडो माणसं जखमी झाली.

ही माणसं कुणी पुढारी नव्हती. आपल्या शेताच्या बांधावरून उठून आलेली साधी माणसं होती. एका घरातला कर्ता गेला की त्या घराचं काय होतं, हे खेड्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. मोबदल्याचा आकडा कागदावर 27 हजार की 40 हजार एवढाच दिसतो. पण त्या दोन आकड्यांच्या मध्ये पाच माणसांचे जीव आहेत.

दरवर्षी 16 जानेवारीला जासईत आणि 17 जानेवारीला पागोट्यात हुतात्म्यांना अभिवादन केलं जातं. जासईत हुतात्मा स्मारक उभं आहे. दिबा हयात होते तोवर हा दिवस त्यांच्यासाठी सभेचा नव्हता, तो घरातलं माणूस गेल्याचा दिवस होता.

साडेबारा टक्के म्हणजे नेमकं काय

या बलिदानानंतर सरकारला शेतकऱ्यांचा प्रश्न बाजूला सारता आला नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लोकसभेच्या निवडणुका झाल्या. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट होती, चारशेहून अधिक जागा एका पक्षाला मिळाल्या. त्या लाटेतसुद्धा कुलाब्याच्या मतदारांनी शेकापच्या दिबांना दिल्लीला पाठवलं. जासईच्या गोळीबाराला लोकांनी मतपेटीतून दिलेलं ते उत्तर होतं.

पुढं वाटाघाटी सुरू राहिल्या. नुसते पैसे दिले की ते दोन-चार वर्षांत संपतात, लग्नकार्यात जातात, घर बांधण्यात जातात. मग माणूस भूमिहीन होतो. म्हणून पैशाबरोबर जमिनीचा काही भाग विकसित करून परत मिळाला पाहिजे, ही मागणी पुढं आली. अखेर मार्च 1990 मध्ये सरकारने साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा निर्णय घेतला आणि 1994 मध्ये त्यात सुधारणा होऊन योजना मार्गी लागली. आधी ज्यांची जमीन गेली होती, त्यांनाही तिचा लाभ देण्यात आला.

हा हिशेब सोप्या भाषेत असा. एखाद्या शेतकऱ्याची एक एकर, म्हणजे 40 गुंठे जमीन गेली. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे 5 गुंठे. त्यातून सार्वजनिक सोयींसाठी पावणेचार टक्के जागा वजा होते. म्हणजे हातात येतात पावणेनऊ टक्के, साडेतीन गुंठे. चाळीस गुंठ्यांच्या बदल्यात साडेतीन गुंठे ऐकायला कमी वाटतं. पण ही जागा शेतीची नसते. रस्ता, पाणी, गटार, वीज असलेल्या शहरातला तो भूखंड असतो आणि त्यावर इमारत उभी राहू शकते. आज उलवे, खारघर, कामोठे, द्रोणागिरी या भागांत दिसणाऱ्या कितीतरी इमारती याच साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर उभ्या आहेत.

प्रकल्पासाठी जमीन देणाऱ्याला त्याच जमिनीच्या विकासात वाटा, ही कल्पना तेव्हा नवी होती. पुढं भूसंपादनाच्या चर्चेत तिचा दाखला वारंवार दिला गेला. तिच्या मुळाशी जासई आणि पागोट्याचे पाच हुतात्मे आहेत.

बंदरासाठी जमीन दिलेल्या उरणच्या गावांना मात्र खूप वाट पाहावी लागली. न्हावा-शेवा बंदर 1989 मध्ये सुरू झालं. त्या प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्क्यांचा हक्क मिळवण्यासाठी पुढं पाव शतक लढावं लागलं. ऑगस्ट 2014 मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते काही शेतकऱ्यांना इरादापत्रं देण्यात आली. तो दिवस पाहायला दिबा नव्हते.

समाजाला आरसा दाखवणारा माणूस

दिबांना फक्त जमिनीचे पुढारी समजणं चूक ठरेल. अखिल आगरी समाज परिषदेच्या माध्यमातून त्यांनी समाज सुधारण्याचं कामही केलं. हळदी-लग्नातला वारेमाप खर्च, मानपान, दारू, कर्ज काढून केलेली कार्यं यावर ते स्पष्ट बोलायचे. जमिनीचा पैसा आला आणि तो मांडवात उधळला, तर पुढच्या पिढीच्या हाती काय उरणार, हा त्यांचा प्रश्न असायचा.

हे बोलणं सोपं नव्हतं. ज्यांच्या मतांवर निवडून यायचं, त्यांनाच त्यांच्या चुका सांगायच्या. बहुतेक पुढारी हळदीला जाऊन, हात जोडून, जेवून परत येतात. दिबा कान धरायचे. म्हणूनच लोक त्यांना नुसता नेता न मानता घरातलं वडीलधारं माणूस मानायचे. कुणाच्या घरी भावाभावांत वाटणीवरून भांडण असो की गावकीतला वाद, शेवटी पाटील साहेब काय म्हणतात ते पाहू, असं व्हायचं.

शिक्षणावर त्यांचा फार भर होता. जमीन जाणार हे एकदा नक्की झाल्यावर पोरांच्या हाती पाटी-पुस्तकाशिवाय दुसरं साधन नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. इतर मागासवर्गीयांच्या हक्कांसाठीही ते उभे राहिले. मंडल आयोगाच्या शिफारशी लागू व्हाव्यात, शेतकरी-कष्टकरी जातींच्या मुलांना शिक्षणात आणि नोकरीत वाटा मिळावा, यासाठी त्यांनी आवाज उठवला.

पक्ष बदलला, प्रश्न तोच राहिला

1999 साली दिबांनी शिवसेनेत प्रवेश केला. चार दशकांहून अधिक काळ लाल बावटा खांद्यावर घेतलेल्या माणसाने हा निर्णय घेतला, तेव्हा अनेक जुन्या कार्यकर्त्यांना धक्का बसला. काहींना तो पटला नाही, काही दुखावले. जवळची माणसं दोन बाजूंना गेली. दिबांच्या आयुष्यातला हा कडू भाग आहे आणि तो लपवण्याचं कारण नाही.

पण एक गोष्ट सगळेच मान्य करतात. पक्ष कुठलाही असो, प्रकल्पग्रस्तांचा प्रश्न आला की दिबा पुढं असत. शेकापवाला, काँग्रेसवाला, शिवसैनिक, भाजपवाला, सगळे त्यांच्या बैठकीला येऊन बसत. जमिनीच्या प्रश्नावर त्यांनी पक्षाची भिंत मध्ये येऊ दिली नाही.

शेवटची लढाई : विमानतळ

नवी मुंबईत दुसरा आंतरराष्ट्रीय विमानतळ होणार, याला 2007 मध्ये केंद्राने तत्त्वतः मंजुरी दिली आणि नोव्हेंबर 2010 मध्ये पर्यावरणाची परवानगी मिळाली. जागा ठरली उलवे-पनवेल पट्ट्यात, सुमारे 1160 हेक्टर. उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वाघिवलीवाडा अशा दहा वस्त्यांना आपली राहती घरं सोडावी लागणार होती. तीन हजारांहून अधिक कुटुंबांचा प्रश्न होता. उलव्याचा सुमारे 90 मीटर उंचीचा डोंगर कापायचा, उलवे नदीचा प्रवाह वळवायचा, असा हा प्रकल्प.

आधीच्या वेळी शेतं गेली होती, गावठाण राहिलं होतं. या वेळी गावच उठणार होतं. देऊळ, होळीचा माळ, शाळा, स्मशान, सगळंच. दिबा तेव्हा ऐंशी ओलांडून गेले होते. तब्येत साथ देत नव्हती. तरीही ते बैठकांना येत, सिडकोच्या अधिकाऱ्यांशी बोलत, कागद वाचत, गावकऱ्यांना समजावत. साडेबारा टक्के हा जुन्या काळचा भाव झाला, आता गाव उठवताय तर त्याहून जास्त द्यावं लागेल, ही भूमिका त्यांनी ठामपणे मांडली.

त्यांच्या निधनानंतर काही महिन्यांतच, 2013 च्या अखेरीस, विमानतळाच्या प्रकल्पग्रस्तांसाठी साडेबावीस टक्के विकसित भूखंडाच्या पॅकेजवर शिक्कामोर्तब झालं. त्यासाठी झटलेला म्हातारा माणूस तोवर निघून गेला होता.

24 जून 2013

वयाच्या 87 व्या वर्षी, 24 जून 2013 रोजी पनवेल इथं दिबांनी अखेरचा श्वास घेतला. पावसाळा सुरू झाला होता. ज्यांची शेतं शिल्लक होती त्यांच्याकडे भाताच्या पेरणीचे, आवणीच्या तयारीचे दिवस. बातमी गावागावांत पोहोचली तशी माणसं हातातलं काम टाकून पनवेलला निघाली. अंत्यदर्शनाला हजारो लोक आले. त्यांत आमदार-खासदार होते, तसेच 1984 च्या जानेवारीत लाठ्या खाल्लेले म्हातारे शेतकरीही होते. ज्यांच्या घरातला माणूस त्या गोळीबारात गेला होता, त्या गावांतली माणसंही होती.

अनेक घरांत त्या दिवशी चूल उशिरा पेटली. आता सिडकोत गेलो तर आपल्या बाजूने बोलणार कोण, हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात होता.

नावासाठी रस्त्यावर उतरलेली गावं

2021 मध्ये विमानतळाला कुणाचं नाव द्यायचं हा वाद उभा राहिला. बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचा प्रस्ताव पुढं आला. भूमिपुत्रांची भावना वेगळी होती. बाळासाहेबांबद्दल आदर आहेच, पण ज्या मातीवर विमान उतरणार, त्या मातीसाठी लढलेल्या माणसाचं नाव लागावं, ही त्यांची मागणी होती. 10 जून 2021 रोजी मानवी साखळी झाली. 24 जूनला, दिबांच्या स्मृतिदिनी, हजारो माणसं बेलापूरच्या सिडको भवनावर धडकली. त्यात दिबांना कधी न पाहिलेली तरुण पोरंही मोठ्या संख्येने होती.

जून 2022 मध्ये उद्धव ठाकरे सरकारने आपल्या अखेरच्या मंत्रिमंडळ बैठकीत दिबांच्या नावाला मंजुरी दिली. नंतर आलेल्या एकनाथ शिंदे सरकारने जुलैमध्ये पुन्हा तोच निर्णय घेतला आणि ऑगस्टमध्ये विधिमंडळाने ठराव केला. दोन वेगवेगळ्या सरकारांनी एकाच नावावर शिक्का मारला, असं क्वचितच घडतं. 8 ऑक्टोबर 2025 रोजी विमानतळाचं उद्घाटन झालं आणि 25 डिसेंबरपासून प्रवासी विमानं सुरू झाली.

मागे राहिलेलं काम

दिबांचं काम पूर्ण झालं, असं मात्र म्हणता येणार नाही. साडेबारा टक्क्यांचे भूखंड मिळायला अनेकांना दोन-दोन दशकं लागली. कागद हातात येण्याआधीच गरजेपोटी, आजारपणात, लग्नात कित्येकांनी ते बिल्डरला विकून टाकले. ज्यांनी राखले त्यांच्या मुलांना आज भाड्याचं उत्पन्न आहे. ज्यांनी विकले त्यांची मुलं त्याच इमारतीत वॉचमन किंवा ड्रायव्हर म्हणून कामाला आहेत, हे चित्र गावोगाव दिसतं. कुटुंब वाढलं म्हणून गावठाणाभोवती बांधलेली गरजेपोटी घरं कायम करण्याचा प्रश्न वर्षानुवर्षं गाजतो आहे. विमानतळावर आणि बंदरावर स्थानिकांना किती आणि कसल्या नोकऱ्या मिळतात, हाही प्रश्न आहे.

मुंबईहून अटल सेतूने आलं की पूल जिथं जमिनीला टेकतो, ते गाव चिर्ले. हुतात्मा नामदेव घरत यांचं गाव. तिथून जवळच दास्तान फाटा आणि जासई. रोज हजारो गाड्या त्या ठिकाणावरून जातात. गाडीतल्या माणसांना इथं काय घडलं होतं ते ठाऊक असेलच असं नाही.

पण उलवे, गव्हाण, जासई, चिर्ले, धुतुम, पागोट्याच्या घरांत ते ठाऊक असायला हवं. घरात 1984 पाहिलेलं कुणी म्हातारं माणूस असेल, तर पोरांनी एकदा त्यांच्याजवळ बसून ते दोन दिवस ऐकून घ्यावेत. आपल्या घराचा सातबारा, निवाड्याची प्रत, भूखंडाचे कागद कुठं आहेत तेही विचारून घ्यावं. दिबांनी आयुष्यभर शेतकऱ्याला हेच शिकवलं, की एकजूट सोडू नका आणि कागद वाचल्याशिवाय सही करू नका.